औटकीपर्यंत

सोमवार, ५ जून १९५०

हुकूम आला. खाली सही कुणाची आहे ते वाचता येत नाही, पण मजकूर वाचता येतो. निजामाच्या राज्यात उर्दूतून हिसाब शिकवणाऱ्या मास्तरांनी सप्टेंबरात मराठीतून परीक्षा द्यायची. फळ्यावर एक पाठ, कागदावर दहा उदाहरणं आणि तोंडी पाढे. नापास होईल त्याला मिडल स्कुलातून काढून सोयगावच्या डोंगरात पहिलीच्या वर्गावर धाडणार.

मी बद्रीनाथ, दौलताबादच्या शेतकऱ्याचा पोरगा, वय अडतीस. औरंगाबादेत मिडलच्या पोरांना सतरा वर्षं गणित शिकवलं. माझ्या हातचे तहसील कचेरीत कारकून झाले, एक तर इंजिनियर झाला. आणि आता मी सोयगावात ग म भ न गिरवून घ्यायचं? कुणाच्या बापाचं राज्य आहे का? कुणाचं आहे तेच तर पोलीस ॲक्शनपासून नीट कळत नाही. शुक्रवारची सुट्टी रविवारी गेली तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

घरी मी मराठीच बोलतो, पण डोक्यात आकडे उर्दूत चालतात. एकोणसत्तर म्हणायचं तर आधी उनहत्तर येतो, मग त्याला बाजूला ढकलून एकोणसत्तर शोधावा लागतो. हात उजवीकडून डावीकडं पळतो. म्हणून ही वही. रोज मराठीत दहा ओळी लिहायच्या, मनात येईल ते, खरं. कुणाची भीती नाही. सतरा वर्षांच्या माझ्या वह्या घरात पडल्यात, माझ्या बायकोनं, द्वारकानं, त्यातली एक कधी उघडली नाही. तिला उर्दूतला अलिफ कळत नाही. ती त्यांच्यावर लोणच्याची बरणी ठेवते.

दहा ओळी झाल्या. मनगट दुखतंय.

सोमवार, १९ जून

नवे हेडमास्तर आले, आप्पासाहेब. पुण्याकडचे, अजून तिशीही नसेल. मला म्हणतात, "बद्रीनाथराव, महिनाभर सातवीच्या वर्गात मागं बसा. मी गणित घेतो. भाषा कानावर पडेल." म्हणजे मी बसायचं कुठं, तर माझ्याच वर्गात, शेवटच्या बाकावर, माझ्याच पोरांच्या मागं! बसलो. गुडघे बाकात मावेनात.

त्यांनी फळ्यावर लिहिलं, २·५ गुणिले ४. "बद्रीनाथराव, सांगा पाहू." मी उठलो आणि ठणकावून सांगितलं, आठशे वीस.

वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातला मास्तर डोकावून गेला. उत्तर दहा होतं. आमच्या उर्दूत शून्य म्हणजे टिंब. सतरा वर्षं टिंब दिसलं की मी शून्य वाचलं. दशांश मलाही येतो, त्याची आमची खूण वेगळी होती. मला दोनशे पाच दिसले, त्याला मी काय करू?

आप्पासाहेब पोरांना म्हणाले, "हसू नका. त्यांचा गुणाकार बरोबर आहे. दोनशे पाच चोक आठशे वीसच." म्हणे बरोबर आहे! पाठ थोपटत थोपटत जोडा हाणायचा, ही पुण्याची तऱ्हा. हे मी घरी सांगणार नाही. कुणालाच सांगणार नाही.

बुधवार, २१ जून

जमाची बेरीज झाली, तफरीकची वजाबाकी, जरबचा गुणाकार, तकसीमचा भागाकार. कसर म्हणजे अपूर्णांक. चार दिवस घोकतोय. कसर दोन अक्षरांत संपते, अपूर्णांक म्हणेस्तोवर पोराचं लक्ष खिडकीबाहेर जातं.

आज शहागंजात माझे उस्ताद कुतबुद्दीनसाहेब दिसले. मला भागाकार त्यांनी शिकवला. फार वाळलेत, शेरवानी अंगावर लोंबत होती. त्यांनी मला पाहिलं की नाही, माहीत नाही. माझ्याबरोबर शाळेतले दोघं होते, म्हणून मी घड्याळाच्या दुकानात शिरलो. मला घड्याळ घ्यायचं नव्हतं. राग आप्पासाहेबांचा येतो, कारण असल्या गोष्टी त्यांच्यामुळं कराव्या लागतात.

शनिवार, २४ जून

वांग्याची भाजी अळणी. द्वारकाच्या माहेरी मीठ पिकत नसावं.

रविवार, २५ जून

आज ताटात भाजी एकीकडं आणि मिठाचा हा एवढा ढीग एकीकडं. हे काय म्हटलं, तर म्हणाली, "लागंल तेवढं घ्या." मी तर काल भाजीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. बायका मनातलं वास घेऊन ओळखतात की काय!

मंगळवार, २७ जून

तोंडी पाढे म्हणजे विसापर्यंतचे, असं मी धरून चाललो होतो. तसं नाही. यांना पावकी पाहिजे, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाहिजे आणि शेवटी औटकी. म्हणजे पावाचा पाढा, अर्ध्याचा, पाऊणचा, सव्वाचा, दीडचा, अडीचचा, साडेतीनचा. आमचे उस्ताद याला दुकानदारी म्हणायचे. कसर कागदावर मांडायची, वर एक खाली चार, नीट सोडवायची. मला कागद द्या, कसलंही उदाहरण सोडवून देतो. पण तोंडानं फटाफट म्हणा, हे शिकवलंच नाही कुणी. आज सातवीतली कोवळी पोरं पावकी म्हणत होती आणि मी मागं बसून नुसते ओठ हलवले. पावकीवरच अडलो म्हणजे औटकीपर्यंत जाणार कधी?

बुधवार, २८ जून

पहाटे जात्याच्या घरघरीनं जाग आली. शेजारची साळूबाई रोज दळायला आमच्याकडं येते, तिचं जातं फुटलंय. दोघी बसल्या होत्या आणि द्वारका ओव्या म्हणायच्या सोडून चक्क पावकी म्हणत होती. "एक पाव पाव, बे पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक." साळूबाई हसून मागं मागं म्हणत होती.

आजच हिला काय सुचलं? हिचा बाप गोदावरीपलीकडं नेवाशाकडचा, इंग्रजी राज्यातला शाळामास्तर. हिला चौथीपर्यंत शिकवलं होतं म्हणे. लग्नात तो मला म्हणाला होता, पोरीला हिशेब येतो. मी म्हणालो होतो, आमच्याकडं हिशेब पुरुष करतात. तेव्हा सगळे हसले होते.

असो. शाळेत पावकी म्हटली. चुकलो नाही. मेहनत केली की जमतं.

सोमवार, ३ जुलै

निमकी सोपी. पाऊणकीवर गाडी अडली. पाच पाऊण किती? कागदावर पंधरा भागिले चार, पण तोंडात येत नाही.

मंगळवार, ४ जुलै

"पाच पाऊण पावणेचार, सहा पाऊण साडेचार," जात्यावर हेच. मी पडल्या पडल्या ओरडलो, "ओव्या म्हण की! सकाळच्या पारी दुकान मांडलंय का?"

द्वारका म्हणाली, "ओव्या आटल्या."

"मग गप दळ."

"गप दळलं की पीठ जाड पडतं," ती म्हणाली आणि साळूबाई पदरात तोंड घालून हसली. सात पाऊण सव्वापाच, आठ पाऊण सहा, नऊ पाऊण पावणेसात. मी कानावर पांघरूण घेतलं, तरी ऐकू येत होतं.

मंगळवार, १८ जुलै

आज चूल पेटली नाही. कालची भाकरी चटणीबरोबर समोर ठेवली. दरवर्षी या सुमाराला द्वारकाचा हा एक दिवस असतो. कसला उपास, कुठल्या देवाचा, विचारलं तर "हाय एक," एवढंच. दिवसभर भिंतीला टेकून बसली होती. नवरा परीक्षेच्या फासावर लटकलाय आणि हिला व्रतं सुचतात. सवायकी आज राहिली.

बुधवार, २६ जुलै

सवायकी झाली, दिडकी झाली. एक गंमत अशी की, जी मला अडते तीच दुसऱ्या दिवशी जात्यावर सुरू होते. योगायोग दुसरं काय. हिला तरी ठरावीक सातच येतात, फिरून फिरून त्याच म्हणणार.

आप्पासाहेबांनी सगळ्या मास्तरांना गोळा करून सांगितलं, मुलींची प्राथमिक शाळा निघते आहे, चौथी मराठी झालेल्या बायका हव्यात, त्यांची परीक्षा आपल्याच इमारतीत, आपल्याच दिवशी. मग माझ्याकडं वळून, "बद्रीनाथराव, तुमच्या मंडळी शिकलेल्या आहेत असं ऐकलं." कुणाकडून ऐकलं देव जाणे. मी सरळ सांगितलं, आमच्या घरातली बाई उंबरा ओलांडून नोकरीला जात नाही. ते म्हणाले, "त्यांना विचारलंत का?" या माणसाला घरंदाजपणा काय असतो ते कुणी शिकवलं नाही.

घरी आल्यावर मी द्वारकाजवळ हा विषय काढला नाही. कशाला काढू?

शुक्रवार, ४ ऑगस्ट

आज आप्पासाहेबांनी मला फळ्यावर उभं केलं. त्रैराशिक शिकवलं. एका मोटेला इतकं पाणी तर इतक्या मोटांना किती. दिडकी तोंडातून अशी आली की मलाच नवल वाटलं. नऊ दीड साडेतेरा! पोरं टकामका बघत राहिली. आप्पासाहेब म्हणाले, "वा, ही घरची तयारी दिसते." मी म्हणालो, माझं मीच केलं. आणि केलंच आहे.

फक्त एक. मधेच एकदा "जरब" म्हणून गेलो. एका पोरानं मागून "मोगलाई" असा आवाज काढला. मी खडू फेकून मारला. लागला नाही.

बुधवार, १६ ऑगस्ट

आजचा दिवस काळा.

शाळेत सराव परीक्षा. तेरा सव्वा किती, विचारलं. माझं दहापर्यंतच झालेलं. मी आकडे हवेत बोटानं मांडत उभा, तोवर सगळा वर्ग एका सुरात, "सव्वासोळा!" आप्पासाहेबांनी चौतीस गुण दिले. पास व्हायला चाळीस लागतात. म्हणाले, "अजून पंचवीस दिवस आहेत, घाबरू नका." मी घाबरलो नव्हतो. मला त्यांचं डोकं फोडावंसं वाटत होतं.

घराच्या कोपऱ्यावर साळूबाई भेटली. "मास्तर, आता दोघांची परीक्षा एकाच दिवशी की!" असं म्हणाली आणि मग जीभ चावली. द्वारकानं मुलींच्या शाळेसाठी नाव घातलंय. साळूबाईच्या सोबतीनं जाऊन फारम भरून आली.

मी घरात पाय ठेवला तो ओरडतच. "कुणाला विचारून नाव घातलंस?"

"तुमाला इचारलं असतं तर काय म्हणला असता?"

"नाही म्हणालो असतो!"

"मग इचारून काय फायदा," ती म्हणाली. तवा खाली उतरवला.

"लोक काय म्हणतील? मास्तरची बायको मास्तरीण होणार, आणि मास्तर?"

"शेवटच्या बाकावर बसलात तवा लोक काय म्हणले?"

माझे कान तापले. हे हिला कुणी सांगितलं? मी कुणाला बोललो नाही. पोरं गल्लीगल्लीत सांगत फिरत असतील. सगळ्या औरंगपुऱ्याला माझा बाक माहीत झाला असणार.

मी म्हणालो, चुलीजवळ बस आणि तिथंच मर.

आता लिहायचंच तर खरं लिहितो. गेल्या मे महिन्यात लग्नाला पंधरा वर्षं पुरी झाली. पंधरा गुणिले तीनशे पासष्ट, ५४७५ दिवस मी या बाईला पोसलं. आणि पदरात काय पडलं? शून्य. दुसरी करून आणली असती तर आज माझा पोरगा मला पाढे म्हणून दाखवत असता. लोक सांगत होते, मी ऐकलं नाही. चूक झाली.

शनिवार, १९ ऑगस्ट

घरात शांतता. जातं फिरतं, तोंड बंद. साळूबाईही नुसती दळते आणि जाते. बरं झालं, झोप तरी लागते.

रविवार, २७ ऑगस्ट

अडीचकी कागदावर लिहून शंभरदा वाचली. सात अडीच साडेसतरा. मनातल्या मनात येते, तोंडानं म्हणायला गेलं की बोळ्यासारखी घशात बसते.

आप्पासाहेब बाजारात भेटले, म्हणाले, संध्याकाळी माझ्या खोलीवर या, दोघं बसू. मी म्हणालो, तब्येत बरी नाही. त्यांच्या दारात उभं राहण्यापेक्षा सोयगाव बरं.

शनिवार, २ सप्टेंबर

झोप लागते असं लिहिलं होतं, ते खोटं आहे. पहाटे जाग येते आणि मी पडून वाट बघतो. कशाची, ते लिहायला लाज वाटते. नुसती घरघर ऐकू येते.

आज जेवताना म्हणालो, "तुझं ते गाणं बंद झालं वाटतं."

"व्हय."

"का?"

"ऐकणाराला शून्य दिसतं, तिथं गाऊन काय करू," ती म्हणाली आणि ताट उचलून न्हाणीत गेली. अजून भाकरी शिल्लक होती माझी.

हिच्या बोलण्याला शेंडा ना बुडखा. शून्याचं काय मधेच?

शुक्रवार, ८ सप्टेंबर

औटकी येत नाही. साडेतीनचा पाढा. चौदापर्यंत जातो, पुढं अंधार. मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितो, औटकी येत नाही. कशासाठी मोठ्या अक्षरात लिहिलं ते मलाही ठाऊक नाही.

शनिवार, ९ सप्टेंबर

काही नाही. घरघर.

सोमवार, ११ सप्टेंबर

परीक्षा झाली. सगळं लिहितो.

सकाळी ती माझ्या आधी निघाली. हिरवं लुगडं, पायात साळूबाईच्या वहाणा. मी माझ्या वाटेनं गेलो, ती तिच्या. दोन्ही वाटा एकाच फाटकात शिरतात.

कागदावरची दहा उदाहरणं मी सोडवली. नऊ तर नक्की बरोबर. एकात टिंब दिसलं, तेव्हा हात थबकला. आठशे वीस आठवले. नीट बघून दशांश धरला. फळ्यावरचा पाठ बरा गेला, "तकसीम" एकदाच तोंडात आलं, ते मी खोकून गिळलं.

मग तोंडी. आम्ही मास्तर लोक वऱ्हांड्यात बाकावर, आत बायकांचं चाललेलं. खिडकी उघडी. द्वारकाचं नाव पुकारलं. परीक्षक म्हातारे होते, म्हणाले, "बाई, कोणतीही एक म्हणा."

कोणतीही एक! निमकी म्हटली असती तरी भागलं असतं. पण आतून आवाज आला, "एक औट साडेतीन, बे औट सात." मी ताठ झालो. आवाज केवढा, तर फाटकावरचा शिपाई आत बघायला लागला. "तीन औट साडेदहा, चार औट चौदा."

परीक्षक म्हणाले, "सावकाश म्हणा बाई, बाहेर लोक बसलेत."

"मला सावकाश येत नाय जी," ती म्हणाली. आणि उलट जास्तच मोठ्यानं, एक एक शब्द सुटा सुटा करत, "पाच औट साडेसतरा. सहा औट एकवीस." इथं थांबून तिनं श्वास घेतला, तो मला बाकावर ऐकू आला. "सात औट साडेचोवीस. आठ औट अठ्ठावीस. नऊ औट साडेएकतीस. दाही औट पस्तीस."

शेजारचा मास्तर म्हणाला, कुणाची कोण आहे ही कर्दनकाळ? मी म्हणालो, माहीत नाही. मग म्हणालो, माझी आहे.

ती बाहेर आली, माझ्यासमोरून गेली, बघितलंसुद्धा नाही. किती हा तोरा! जगाला ऐकवायचं होतं, मला येतं आणि याला येत नाही.

मला आत बोलावलं. म्हातारा हसून म्हणाला, "आता बाईंनी म्हटली तीच म्हणा, औटकी." मी डोळे मिटले आणि म्हटली. सहापर्यंत आलो, ती थांबली तिथं थांबलो, तिनं घेतला तसा श्वास घेतला. सात औट साडेचोवीस. पस्तीसला पोचलो तेव्हा माझा आवाजही खिडकीबाहेर जात होता.

शनिवार, २३ सप्टेंबर

निकाल. मला शंभरात एकावन्न. पास. सोयगाव टळलं. द्वारकाला अठ्ठ्याऐंशी. सोमवारपासून तिला शाळेत हजर व्हायचंय.

आप्पासाहेबांनी पेढा दिला. "बद्रीनाथराव, एकावन्नात तुमचे किती आणि घरचे किती?" मी पेढा खाल्ला नाही, खिशात घातला. घरी आणून तिच्या पोळपाटावर ठेवला. तिथंच पडलाय अजून, मुंग्या लागल्यात.

रविवार, २४ सप्टेंबर

मला बघायचं होतं की औटकी मी या वहीत कधी लिहिली होती का. म्हणून मागची पानं चाळली. आजवर मागं वळून कधी बघितलं नव्हतं, रोज पुढंच लिहीत गेलो.

पानोपानी पेन्सिलीच्या खुणा आहेत. बारीक. जिथं जिथं मी आकडा लिहिला तिथं बरोबरची खूण, शाळामास्तर करतो तशी. ३ जुलैला "पाऊणकीवर गाडी अडली" याच्याखाली रेघ. अळणी भाजीखाली रेघ. शेवटच्या बाकाखाली रेघ. मुलींच्या शाळेखाली दोन.

उर्दू तिला येत नाही. ही वही उर्दूत नाही. एवढं साधं माझ्या डोक्यात साडेतीन महिने शिरलं नाही, आणि मी गणिताचा मास्तर.

मग १६ ऑगस्टचं पान काढलं. काढायचं नव्हतं, पण काढलं. माझ्या ओळींच्या बाजूला तिचं अक्षर, सरळ, दाबून लिहिलेलं. तसंच उतरवतो.

५४७५ चूक. लीप वर्षाचे चार दिवस राहिले. ५४७९.
त्यात माहेरी ३१२. बाकी ५१६७.
रोज आठ भाकरी. एकूण ४१३३६. ताळा पाहावा.

मी ताळा पाहिला. दुसरं काय करणार, हात आपोआप चालला. ५१६७ चे अंक मिळवून नवाचा ताळा एक. एक गुणिले आठ, आठ. ४१३३६ चे अंक सतरा, म्हणजे आठ. जमला.

त्याखाली माझं "शून्य" तिनं एका रेघेनं खोडलंय आणि लिहिलंय:

शून्य नव्हे. अकरा दिवस.

अकरा कसले, हे मला कळायला किती वेळ लागला ते मी लिहिणार नाही. एकोणीसशे अडतीस. मी हैदराबादला ट्रेनिंगला होतो. मुलगी झाल्याचं पत्र आलं, मी विचार केला, बारशाला जाऊ. मग तार आली. बारशाच्या आदल्या दिवशी, १८ जुलैला, ती गेली. मी आलो तेव्हा पाळणासुद्धा माळ्यावर चढला होता. मी तिला बघितलंच नाही. म्हणून माझ्या हिशेबात ती कधी आलीच नाही, आणि बारा वर्षं मी समोरच्या बाईला विचारत राहिलो की हा कसला उपास.

यंदाच्या १८ जुलैच्या पानावर तिनं एकही खूण केलेली नाही.

आणि १६ ऑगस्टचं ते सगळं वाचूनही ती खिडकीबाहेर मला ऐकू जाईल असं ओरडली. तोरा म्हणालो मी त्याला. थू माझ्या जिंदगीवर.

तोंडानं विचारायची हिंमत नाही. ती चुलीपाशी आहे, दोन हातांवर, पण मधे पंधरा वर्षं आहेत. म्हणून इथं लिहितो. वही बरणीखाली ठेवतो.

द्वारका, तिचं नाव काय ठेवणार होतीस?

सोमवार, २५ सप्टेंबर

ती सकाळी सातला शाळेत गेली. जाताना "येते" म्हणाली नाही. माझ्यासाठी चार भाकरी झाकून ठेवलेल्या, आणि पोळपाटावरचा पेढा दिसला नाही.

वही बरणीखालीच होती. कालच्या ओळीखाली पेन्सिलीनं लिहिलंय:

बारा वर्षांनी इचारलं. आता बारा दिवस थांबा.

मी बोटं मोजली. पंचवीस धरून सहा ऑक्टोबरला बारावा येतो, शुक्रवार. पुन्हा मोजली. तेवढेच येतात.

आज पहिला.